शिफ्टिंगची तालीम: मॅनिकिन नंतर, आधी लिफ्ट

प्रश्न एका जिल्ह्याच्या गावातल्या आयसीयू इन्चार्ज सिस्टरचा आहे. आयसीयू दुसऱ्या मजल्यावर, सीटी तळमजल्यावर, मधे एकच लिफ्ट. मागच्या महिन्यात व्हेंटिलेटरवरचा पेशंट सीटीहून परत आणताना वाटेतच ऑक्सिजनचा सिलिंडर संपला. पेशंट वाचला, पण सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आता व्यवस्थापन म्हणतंय सिम्युलेशन ट्रेनिंग घ्या, आणि एका विक्रेत्याने मॅनिकिनचं, म्हणजे सरावाच्या पुतळ्याचं, काही लाखांचं कोटेशन आणून ठेवलंय. त्याने खरंच फरक पडतो का, आणि पैसे नसतील तर सुरुवात कुठून करायची?

सिस्टर, आधी ते कोटेशन ड्रॉवरमध्ये ठेवा. फाडू नका, दोन वर्षांनी कदाचित लागेल. फरक पडतो का, तर पडतो. पण तो मॅनिकिनमुळे पडत नाही. मी भूलतज्ज्ञ. वीसेक वर्षं आयसीयूत गेली, त्यातली निम्मी अशा तालमी घेण्यात. एवढ्या काळात मला पटलेली गोष्ट अशी की ही तालीम डॉक्टरची किंवा सिस्टरची नसतेच, ती रस्त्याची असते. बेड नंबर चारपासून सीटीच्या टेबलापर्यंतचा तुमचा जो रस्ता आहे, त्यातली लिफ्ट, उंबरे, दारं, प्लग, आणि मागच्या दाराची चावी ज्याच्याकडे असते तो माणूस, हे सगळं तालमीत यायला हवं. कॉन्फरन्स हॉलमध्ये महागडा पुतळा झोपवून त्याला डोळे मिचकावायला लावले तर सीपीआर सुधारेल. सिलिंडर पुन्हा संपेल.

या विषयावरच्या व्याख्यानात विमानाच्या सिम्युलेटरचं उदाहरण हमखास येतं. त्यातला कामाचा भाग मात्र गळतो. वैमानिक ज्यात बसून सराव करतो ते त्याच्या खऱ्या कॉकपिटची हुबेहूब नक्कल असतं, प्रत्येक बटण त्याच जागी. आपलं कॉकपिट म्हणजे तुमचा कॉरिडॉर. त्याची नक्कल करायची गरज नाही, तो फुकट आहे. म्हणून माझा आग्रह कायम हा की खऱ्या जागी, खऱ्या ट्रॉलीवर, त्या दिवशी ड्युटीवर असलेल्याच माणसांना घेऊन तालीम करा.

यंत्रं चांगली घेतली की प्रश्न मिटेल असं व्यवस्थापनाला वाटत असेल तर त्यांना एक आकडा सांगा. ऑस्ट्रेलियातल्या आयसीयूंनी स्वेच्छेने नोंदवलेल्या, रुग्णालयातल्या रुग्णालयात पेशंट हलवतानाच्या घटनांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. १७६ अहवालांत १९१ घटना होत्या. यंत्रांशी संबंधित ३९ टक्के. उरलेल्या ६१ टक्के पेशंटच्या आणि माणसांच्या व्यवस्थापनातल्या, म्हणजे निरोप नीट न पोचणं, ट्यूबची नीट काळजी न घेणं, लक्ष नसणं अशा. मी स्वतः तर त्या ३९ टक्क्यांतलीही बरीच यंत्राच्या खात्यात टाकणार नाही. चार्ज न केलेली बॅटरी हा काही बॅटरीचा दोष नव्हे.

आमच्या पहिल्या तालमीची गोष्ट सांगतो. आमच्याकडे सीपीआर शिकवायचा कमरेपर्यंतचा पुतळा होता, फार हलका. ट्रॉली इतक्या हलक्या ओझ्याने वेगळीच वागते, म्हणून किचनमधून पंचवीस-पंचवीस किलोच्या दोन तांदळाच्या गोण्या आणून चादरीत बांधल्या, वर पुतळा ठेवला, त्याच्या तोंडात श्वासनलिकेत घालायची जुनी ट्यूब घातली. मॉनिटर म्हणून एक पांढरा बोर्ड आणि मार्कर. आमची एक रेसिडेंट त्यावर सॅच्युरेशन आणि बीपी लिहीत ट्रॉलीबरोबर चालणार. काहीही बिघडवायचं नाही, नुसतं सीटीला जाऊन परत यायचं, एवढंच ठरलं होतं.

लिफ्टपाशी पोचलो. ट्रॉली आत गेली, पायाकडे व्हेंटिलेटर बसला, डोक्याकडे एक माणूस अंग चोरून मावला. दार लागेना, कारण सलाइनचा स्टँड बाहेर राहत होता. स्टँड तिरका करून आत घेतला तर औषधाच्या पंपाची वायर ताणली. शेवटी मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, म्हणाले, "सर, पेशंट मावतो यात. तुम्ही नाही मावत." मी जिन्याने धावलो. खाली पोचलो तेव्हा ट्रॉली माझ्या आधी बाहेर आलेली, आणि त्या मधल्या वेळात पेशंटजवळ एकटी पहिल्या वर्षाची सिस्टर होती. म्हणजे आमच्या रुग्णालयात कित्येक वर्षं सर्वांत गंभीर पेशंट रोज दोनदा डॉक्टरशिवाय लिफ्टमधून प्रवास करत होता, आणि आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. ते गैर आहे हे कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं इतकंच. दुसऱ्या दिवशी पंप स्टँडवरून काढून ट्रॉलीच्या कडेला क्लॅम्पने बसवले, सलाइनला ट्रॉलीचाच आखूड दांडा लावला. खर्च जवळजवळ शून्य. मग लिफ्टमध्ये तिघं मावायला लागले.

आता तुमच्या सिलिंडरकडे येतो, कारण तिथे थोडं थांबण्यासारखं आहे.

गणित सोपं आहे आणि ते भिंतीवर लिहून लावा. सिलिंडरवर पाण्याची क्षमता लिटरमध्ये खोदलेली असते. बी टाइपची साधारण १०. तिला काट्यावरच्या, बारमधल्या दाबाने गुणलं की आत किती लिटर ऑक्सिजन आहे ते कळतं. पूर्ण भरलेला सिलिंडर १५० ला असतो, म्हणजे १,५०० लिटर. काटा ५० वर असेल तर ५००. व्हेंटिलेटरवरचा पेशंट शंभर टक्के ऑक्सिजनवर असेल, पेशंटचा श्वास आणि यंत्राची स्वतःची खपत मिळून मिनिटाला १५ लिटर धरा: तेहेतीस मिनिटं. "अर्धा तास पुरेल" असं म्हणून निघतो तो हाच. जाणं दहा मिनिटं, सीटीत वीस, येणं दहा, आणि लिफ्टची वाट पाहणं कोणी धरतच नाही. पेशंट हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोराने दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर असेल, मिनिटाला ६० लिटर, तर तेच ५०० लिटर आठ मिनिटांत संपतात. आमचा नियम: लागेल त्याच्या दुप्पट असल्याशिवाय हलायचं नाही, आणि काट्याचा आकडा निघताना वहीत लिहायचा. "फुल आहे" असं लिहायचं नाही, आकडा लिहायचा.

पण माझा अंदाज असा की तुमच्याकडे गणित चुकलं नसेल. परत येताना संपला म्हणता, तर दुसरी शक्यता बघा. सीटीत पोचल्यावर पेशंटला भिंतीतल्या ऑक्सिजनच्या पोर्टवर लावतात आणि सिलिंडर वाचवायला बंद करतात. बरोबर आहे. स्कॅन संपला, सगळ्यांना घाई, नळी पुन्हा सिलिंडरला जोडली, काट्याकडे पाहिलं, काटा ९० दाखवतोय, चला. सिलिंडरचा व्हॉल्व्ह मात्र बंदच आहे. काटा जे दाखवतो तो रेग्युलेटरमध्ये अडकून राहिलेला दाब असतो. तो वापरायला लागलं की बघता बघता संपतो, आणि तोवर ट्रॉली सीटीच्या दाराबाहेर आलेली असते. ही चूक मी तालमीत अनुभवी लोकांकडून होताना अनेकदा पाहिली आहे. माझ्या हातूनही झाली आहे, आणि ती तालीम नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे जो सिलिंडर उघडतो तो चावी फिरवताना मोठ्याने "उघडला" म्हणतो आणि काट्याकडे बघत तीन-चार श्वास थांबतो. काटा स्थिर राहिला तरच हलायचं. चावीही सिलिंडरलाच साखळीने बांधा. वाईट दिसते म्हणून एका साहेबांनी ती काढायला लावली होती. आठवड्याने चावी हरवली.

जोडताना फस्स आवाज आला तर वायसर (जोडावरची चकती) गेलेला असतो. सुटे वायसर शिफ्टिंगच्या बॅगेत ठेवा. यावर यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

सीटीच्या टेबलावर पेशंट सरकवण्याचा क्षण हा दुसरा धोक्याचा. ट्यूब निघते ती बहुतेक इथे. तालमीत आम्हाला एक गंमत सापडली. डोक्याकडचा माणूस "एक, दोन, तीन" म्हणतो आणि सगळे उचलतात. निम्मे "तीन" म्हणताक्षणी, निम्मे "तीन" झाल्यावर. व्हिडिओ मंद करून बघितला तर पुतळ्याचे खांदे निघाले होते आणि डोकं जागेवरच होतं. म्हणजे रोज दहा पेशंट आम्ही असे उचलत होतो. आता "एक, दोन, तीन, उचला" म्हणतात आणि "उचला" लाच उचलतात. मोजणी फक्त ज्याच्या हातात ट्यूब आहे त्यानेच करायची, सर्जन कितीही ज्येष्ठ असला तरी त्याने नाही. दातापाशी ट्यूबचा आकडा किती हे सरकवण्याआधी आणि नंतर म्हणायचं. आणि कॅप्नोची, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफची लाट. ती गेली तर ट्यूब बाहेर आहे असंच धरायचं, नाही हे सिद्ध होईपर्यंत. ब्रिटनमध्ये श्वसनमार्गाच्या गंभीर दुर्घटनांचा जो देशव्यापी आढावा २०११ मध्ये आला, त्यात आयसीयूतल्या मृत्यूंपैकी आणि मेंदूला कायमची इजा झालेल्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत कॅप्नोग्राफ नसणं किंवा त्याचा नीट अर्थ न लावणं हे एक कारण होतं. व्यवस्थापनाकडे पैसे असतील तर पुतळ्याआधी ट्रान्सपोर्ट मॉनिटरवर कॅप्नो मागा.

पंपांचं थोडक्यात. नवीन असताना माहितीपत्रकात लिहिलेली बॅटरी आणि चार वर्षं वापरलेली बॅटरी यांचा एकमेकींशी संबंध नसतो. रात्रभर चार्ज करा, सलाइन भरून ५ मिली तासाला लावा, प्लग काढा आणि पंप किती वेळाने रडायला लागतो ते घड्याळ लावून बघा. जे येईल ते पंपावर चिकटपट्टीने लिहा. नॉरअॅड हे बीपी टिकवणारं औषध रक्तात मिनिट-दोन मिनिटं टिकतं, पंप थांबला की बीपी तुम्ही लिफ्टमध्ये असतानाच पडणार. भरलेली दुसरी सिरिंज सोबत हवीच. आणि पंप पेशंटच्या छातीच्या पातळीला बांधा. उंचावर टांगला की मधेच जास्तीचं औषध आत जातं, खाली गेला की थांबल्यासारखं होतं. छातीत आयसीडी, म्हणजे फुप्फुसाभोवतीची हवा-पाणी काढणारी नळी असेल आणि पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर ती वाटेत क्लॅम्प करू नका. बाटली छातीच्या खाली राहील एवढं बघा. क्लॅम्प करायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे, आणि तालमीत ती हमखास दिसते.

एमआरआय तुमच्याकडे नसला तरी एक सांगतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या पालिका रुग्णालयात पेशंटबरोबर आलेला एक तरुण हातात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि चुंबकाने त्याला सिलिंडरसकट ओढून घेतलं. तो दगावला. एमआरआयचा चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालूच असतो, हे तिथे रोज काम करणाऱ्यांना ठाऊक असतं. नातेवाइकाला कुठून ठाऊक असणार? पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. आपल्याकडे सिलिंडर नातेवाइकाच्या हातात देणं ही रोजची पद्धत आहे. माणसं कमी, मामा एकच, मग मुलगा सिलिंडर धरतो, जावई युरोबॅग (लघवीची पिशवी) धरतो. त्यामुळे आमच्या तालमीत एकजण कायम नातेवाईक असतो. तो प्रश्न विचारतो, मधे येतो, "मी धरू का?" म्हणतो, आणि टीमने त्याला काय सांगायचं याचा सराव होतो. परदेशी पुस्तकांतल्या तयार प्रसंगांत ही भूमिका तुम्हाला सापडणार नाही.

तर सुरुवात. पहिल्या दोन फेऱ्या काहीही न बिघडवता, नुसत्या घड्याळ लावून. निघण्याआधी पेशंटला ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरवर घेऊन बेडपाशीच पाच-दहा मिनिटं थांबायचं, हेही त्या वेळेत धरा. जे बिघडायचं ते बेडपाशी बिघडलेलं बरं. सीटीला फोन करून टेबल रिकामं आहे का हे विचारायचं, नाही तर कॉरिडॉरमध्ये पंधरा मिनिटं सिलिंडर वाया जातो. तिसऱ्या फेरीपासून एकच बिघाड घाला, दोन नाही. ट्यूब सरकली. पंप बंद पडला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली (लिफ्टमनला सांगून ठेवा, नाही तर तो खरंच मेकॅनिकला बोलावतो). एक फेरी रात्री दोनला करा. दिवसा उघडं असणारं कोणतं दार रात्री कुलपात असतं आणि वॉचमन चहाला कुठे जातो हे तुम्हाला त्या एका फेरीत कळेल. आणि एक प्रसंग असा ठेवा ज्यात बरोबर उत्तर म्हणजे न निघणं हे आहे. नॉरअॅड वाढत चाललंय, सॅच्युरेशन ८६, सीटीत काहीही दिसलं तरी आज रात्री उपचार बदलणार नाहीत. अशा वेळी "सर, आत्ता नको" असं कोण म्हणतं आणि म्हटल्यावर सर काय करतात, हे बघण्यासारखं असतं.

फेरी दहा मिनिटांची, नंतरचं बोलणं वीस-पंचवीस मिनिटांचं. खरं शिकणं त्या बोलण्यात होतं. उभ्याउभ्या नाही, बसून, चहा घेऊन. आधी मामा आणि मावशी बोलतील, मग सिस्टर, मग ज्युनिअर डॉक्टर, सर्वांत शेवटी कन्सल्टंट. हा क्रम उलटा झाला की खालचे सगळे "हो सर, बरोबर आहे" एवढंच म्हणतात. आमच्या एका फेरीत अॅम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आयसीयूतच राहिली. चर्चेत मामा म्हणाले, त्यांनी ती बेडवर पडलेली निघतानाच पाहिली होती. मग बोलला का नाहीत? "मोठे साहेब फोनवर बोलत होते." ते मोठे साहेब मीच. त्या दिवशी ठरवलं की निघण्याआधीचा "थांबा" कोणीही म्हणू शकतो आणि तो म्हटल्यावर ट्रॉली थांबलीच पाहिजे, का थांबायचं ते नंतर विचारायचं. पहिले दोन महिने कोणी म्हटलं नाही. मग एका मावशींनी म्हटलं, युरोबॅग चाकात अडकत होती म्हणून.

"तू हे का केलंस?" असं विचारू नका, तो आपल्याकडे आरोप असतो. "सीटीत पोचल्यावर व्हॉल्व्ह बंद राहिलेला मी पाहिला. त्या वेळी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?" असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा "मला वाटलं ब्रदरने उघडला" असं येतं, आणि मग दुरुस्त काय करायचं ते आपोआप कळतं. तालमीतल्या चुकीवर एक जरी मेमो निघाला, एक जरी शेरा कुणाच्या फाइलमध्ये गेला, तर सगळं बंद करा. पुढच्या फेरीला सगळे आजारी असतील. हे व्यवस्थापनाकडून आधी लेखी घ्या.

तालमीचेही धोके आहेत. तालमीतली औषधं म्हणजे रंगीत पाणी भरलेल्या सिरिंजा. त्यांच्यावर "फक्त प्रशिक्षणासाठी" असं मोठ्या लाल अक्षरांत हवं आणि संपल्यावर मोजून परत घ्यायच्या, एकही खऱ्या ट्रेमध्ये राहता कामा नये. आयसीयूत त्या दिवशी माणसं कमी असतील किंवा कोणी पेशंट बिघडत असेल तर तालीम रद्द, वाद नाही. कॉरिडॉरमधल्या नातेवाइकांना आधी सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं. चादर पांघरलेला पुतळा धावत नेताना पाहून बेड सहाच्या पेशंटच्या आईने टाहो फोडला. तिला वाटलं तिचाच मुलगा. तेव्हापासून पुढे एकजण पाटी घेऊन चालतो.

व्यवस्थापन विचारेल की पुरावा काय. टीमची कामगिरी सुधारते, निरोप नीट जातात, तपासणी-यादी खरोखर वापरली जाते, इथपर्यंत पुरावा चांगला आहे. मृत्यू घटले हे सिद्ध करणं अवघड, कारण शिफ्टिंगमध्ये थेट मृत्यू मुळात कमी होतात आणि नंतर बिघडलेल्या पेशंटचा दोष कॉरिडॉरवर कोणी लिहीत नाही. म्हणून स्वतःची वही ठेवा: प्रत्येक शिफ्टिंगला निघाल्याची आणि पोचल्याची वेळ, सिलिंडरचा आकडा जाताना आणि येताना, आणि अनपेक्षित काय झालं ते एका ओळीत. सहा महिन्यांची ती वही कोणत्याही परदेशी अभ्यासापेक्षा तुमच्या संचालकांना लवकर पटेल.

वेळ दुपारी दोनची घ्या, ड्युटी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असतात. पहिल्या फेरीला कन्सल्टंट नसले तरी चालतील, मामा आणि लिफ्टमन मात्र हवेतच. त्याआधी, शक्य झालं तर उद्याच, मोजपट्टी घेऊन लिफ्टच्या आतली लांबी मोजा. आणि ट्रॉली मोजताना व्हेंटिलेटर, स्टँड आणि डोक्याकडे उभा असलेला माणूस धरून मोजा.